गोळी पोटात विरघळते का?

आपल्या बेटावर साखरेच्या आजाराची ओळख नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. प्रौढ माणसांत साधारण पाचांपैकी एकाला मधुमेह आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मोफत मिळतात, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. पण एखाद्या महिन्यात पांढऱ्या गोळीच्या जागी गुलाबी आली, किंवा पाकिटावर दुसऱ्याच कंपनीचे नाव दिसले, की घरात कुजबुज सुरू होते. आजी म्हणते, "बाळा, ही फुकटची गोळी, हिच्यात दम नाही." मग मुलगा पदरचे पैसे मोजून फार्मसीतून महागडी गोळी आणतो. ज्या घरी पैसे नाहीत तिथे गोळीच बंद होते, आणि पायाची जखम चिघळली म्हणजे सगळ्यांना जाग येते. अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत.

आजीला आम्ही हसणार नाही. तिच्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेपऱ्याच्या फेनिटॉइन या औषधात भर घालण्याची पावडर बदलली गेली. औषध तेवढेच होते, तरी ते रक्तात जास्त उतरू लागले आणि रोग्यांना विषबाधा झाली. 1971 साली अमेरिकेत हृदयाच्या डिगॉक्सिन या औषधाच्या निरनिराळ्या गोळ्या तपासल्या, तेव्हा सारख्याच मात्रेने रक्तात सातपटीपर्यंत फरक पडतो असे दिसले. म्हणजे गोळीत औषध किती आहे एवढे पाहून भागत नाही. ते पोटात किती आणि केव्हा विरघळते, हेही पाहावे लागते.

फुटणे वेगळे आणि विरघळणे वेगळे. चहात साखर टाकली की ती दिसेनाशी होते. हळद पाण्यात पसरते, पण थोड्या वेळाने तळाशी बसते. गोळीचेही तसेच आहे. तिचा भुगा झाला म्हणून औषध विरघळले असे होत नाही, आणि जे विरघळले नाही ते आतड्यातून रक्तात जात नाही. म्हणून घरी पेल्यात गोळी टाकून पाहण्याचा जो प्रयोग काही जण करतात, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळेतली परीक्षा अशी असते. काचेच्या भांड्यात बहुधा 900 मिलिलिटर द्रव घेतात आणि तो शरीराइतका, 37 अंशांवर, ऊबदार ठेवतात. त्यात गोळी टाकून वल्ह्यासारखे पाते ठरलेल्या वेगाने फिरवतात. मग ठराविक मिनिटांनी थोडा द्रव काढून त्यात औषध किती उतरले ते मोजतात. एक गोळी पाहून निकाल देत नाहीत. पहिल्या फेरीत सहा गोळ्या तपासतात. अमेरिकेच्या औषधसंहितेत ही परीक्षा 1970 साली आली.

पण आपले आतडे म्हणजे नुसते पाण्याचे भांडे नव्हे. हा प्रश्न कॅनडातल्या एडमंटन शहरी, अल्बर्टा विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागात, रायमार ल्योबेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. त्यांनी निवडलेले औषध आपल्या परिचयाचे आहे. ते मधुमेहाचे ग्लायबेनक्लामाइड, ज्याला कॅनडात ग्लायबुराइड म्हणतात. ते मोठे हट्टी औषध आहे. पाण्यात जेमतेम विरघळते, आणि आम्लता बदलली की विरघळणेही बदलते. उशिरा विरघळले तर साखर उतरत नाही. भलतेच लवकर विरघळले तर साखर एकदम खाली जाऊन म्हातारे माणूस घेरी येऊन पडते. एडमंटनच्या मंडळींनी पित्तातल्यासारखे क्षार आणि लेसिथिन घालून आतड्यातल्या रसासारखा द्रव केला, आणि अन्न पुढे सरकते तशी त्याची आम्लता बदलत नेली. मिळालेले आकडे संगणकात घालून माणसाच्या रक्तात औषध किती दिसेल याचा अंदाज बांधला. 2006 साली त्यांनी हे काम छापले. साध्या द्रवापेक्षा अशा बदलत्या द्रवाने अंदाज खऱ्याच्या अधिक जवळ आला.

यातून आम्ही घेतो तो धडा साधा आहे. गोळीचा खरेपणा तिच्या रंगात, किमतीत किंवा पाकिटावरच्या नावात नसतो. तो परीक्षेत दिसतो. स्वस्त गोळी उत्तम असू शकते आणि महाग गोळी नापास होऊ शकते. आपल्याकडे येणाऱ्या औषधांचा मोठा भाग ज्या भारतातून येतो, तिथे जे औषध पाण्यात नीट विरघळत नाही त्याची नवी नक्कल विकण्याआधी ती रक्तात मूळ औषधासारखीच उतरते हे दाखवणे 2017 पासून सक्तीचे आहे. तिथले केंद्रीय औषध नियंत्रण खाते कसोटीला न उतरलेल्या औषधांची यादी दरमहा बॅच क्रमांक आणि कारणासह जाहीर करते. 'नीट विरघळत नाही' हे कारण त्या यादीत वारंवार दिसते. ही लाज लपवलेली नाही, उघडी मांडली आहे, म्हणून तिचा उपयोग होतो.

आमची मागणी एवढीच आहे. सरकारी दवाखान्यांसाठी औषध घेताना किमतीच्या शेजारी विरघळण्याच्या परीक्षेचा दाखला मांडावा. गोळ्या बेटावर आल्यावरही नमुने तपासावेत, कारण आपल्या दमट हवेत ठेवलेली गोळी कारखान्यातून निघाली तशीच राहील असे नाही. आणि पास असो वा नापास, निकाल लोकांना कळावा. ज्या दिवशी आजीला तो वाचून दाखवता येईल, त्या दिवशी ती फुकटची गोळी निमूट घेईल.

आपलेही थोडे चुकते. गोळ्या चुलीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत. त्या पाकिटातच राहू द्याव्यात. सावकाश विरघळणारी मेटफॉर्मिनची गोळी कुटून देऊ नये, नाहीतर दिवसभराचे औषध एकदम सुटते. अशा गोळीचे रिकामे टरफल कधी शौचात दिसते. त्याने घाबरू नये, आतले औषध अंगात गेलेले असते. आणि शंका आली तर गोळी फडताळात टाकण्याआधी, ती हातात घेऊन दवाखान्यात जावे आणि विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे. औषध मोफत असले तरी त्याचे पैसे आपल्याच करातून गेलेले असतात.