फेकायचे काय, ठेवायचे काय?

यंदाच्या स्नेहसंमेलनात जेवणे उरकल्यावर मंडपामागे गेले, तर तेथे लाकडी चमच्यांचा ढीग पडलेला! १ जुलै २०२२ पासून देशात प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बंदी आली, आणि त्यांच्या जागी हे आले. आपण पर्यावरणाची सेवा केली, असे समाधान सर्वांना वाटत होते. मला ते पटले नाही. वस्तू बदलली, सवय तीच राहिली. झाड वाढायला वर्षे लागतात; त्याचा चमचा आपण दहा मिनिटांत फेकून देतो.

फेकणे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. माझ्या आजीचे माहेर सावंतवाडीकडचे. ती सांगते, लहानपणी पेज खायला फणसाचे पान दुमडायचे, हिराच्या काडीने टोचायचे, की झाला चमचा. पेज संपली की पान परसात. पण आमटी वाढायचा करवंटीचा डवला मात्र धुऊन, पुसून भिंतीला अडकवलेला असे. जे क्षणात होते ते फेकावे, ज्याला श्रम लागतात ते सांभाळावे, हा हिशेब त्या घरात कुणी शिकवावा लागत नव्हता.

तसा डवला करून पाहावा म्हणून मी सुट्टीत बसले. जून नारळाची, डोळे नसलेली अर्धी करवंटी घ्यायची; दुसऱ्या अर्ध्या भागातल्या मऊ डोळ्यातून आमटी गळते. वरचा काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडायचा. काठाजवळ समोरासमोर दोन भोके पाडून त्यांतून बांबूची निमुळती दांडी घट्ट बसवायची. खिळा नको, डिंक नको. सांगायला सोपे! दोन करवंट्या भोक पाडतानाच तडकल्या, तिसरीपायी बोट कापले. चौथी साधली. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीने तो हातात घेऊन म्हटले, "अगं, हा तर आमचा सौटु!"

बाजारात असाच डवला विकणाऱ्या बाईशी मी पूर्वी दहा रुपयांसाठी घासाघीस केली होती. बोट कापल्यावर त्याची लाज वाटली.

कुणी विचारील, पाचशे पानांच्या पंगतीला डवले कोरीत बसायचे का? मुळीच नाही. स्टीलचे चमचे घराघरांत आहेत. अडचण चमच्यांची नाही, धुण्याच्या कंटाळ्याची आहे. पुढच्या संमेलनाला प्रत्येकाने आपला चमचा घरून आणावा, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दुपार करवंटी कोरण्यासाठी राखावी, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रमैत्रिणींना विनंती आहे. करवंट्या आपल्या कॅन्टीनमागे रोजच पडलेल्या असतात. शिकवायला आजी तयार आहे. मी तिला विचारून ठेवले आहे.