तटस्थतेचे मोजमाप : एका आकड्यात न मावणारे परराष्ट्र धोरण

युक्रेनवरील आक्रमणाबद्दल रशियाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ मार्च २०२२ रोजी १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला आणि पुढे २३ फेब्रुवारी २०२३ रोजीही भारताने तटस्थतेचाच मार्ग पत्करला. या नोंदींच्या आधारे भारत रशियाच्या बाजूला झुकल्याचा निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतील अनेक टीकाकारांनी काढला. आकडेवारी बारकाईने तपासली तर मात्र चित्र इतके सरळ राहत नाही.

राष्ट्रांच्या वर्तनाची मोजदाद करण्याचा प्रयत्न जुना आहे. मिशिगन विद्यापीठात डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये युद्धांच्या पद्धतशीर नोंदींचा प्रकल्प सुरू केला. आमसभेतील मतदान १९४६ पासून नोंदले गेले असल्याने ते अभ्यासकांचे आवडते साधन ठरले. दोन देशांची मते किती ठरावांवर जुळली, यावरून त्यांची जवळीक मोजली जाते. इतर देशांचे मतदान आपल्या मताशी किती जुळले, याचा अहवाल अमेरिकेचे परराष्ट्र खाते १९८० च्या दशकापासून तेथील काँग्रेसला सादर करत आले आहे.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. आमसभेत पॅलेस्टाइन, निःशस्त्रीकरण अशा विषयांवरील ठराव दरवर्षी येतात आणि त्यांवर अमेरिका अनेकदा एकाकी पडते. त्यामुळे २००५ ते २००८ या काळात अणुकराराने भारत आणि अमेरिका जवळ येत असतानाही दोघांच्या मतांचा मेळ कमीच दिसत होता. विषयपत्रिका बदलली की आकडा बदलतो. देशाची भूमिका बदललेली असतेच असे नाही. मायकेल बेली, अँटन स्ट्रेझनेव्ह आणि एरिक व्होटेन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत हा फरक वेगळा काढण्यासाठीच आहे. वर्षानुवर्षे त्याच आशयाने येणाऱ्या ठरावांचा त्यात दुवा म्हणून उपयोग केला जातो.

तरीही मतदानापलीकडचे व्यवहार या मोजणीत येत नाहीत. स्टॉकहोम येथील 'सिप्री' या संस्थेच्या नोंदींनुसार भारताच्या शस्त्रास्त्र आयातीतील रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता. तो २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. खनिज तेलाची गोष्ट नेमकी उलट आहे. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास होता. सवलतीच्या दरामुळे तो २०२३-२४ मध्ये सुमारे ३५ टक्क्यांवर गेला. म्हणजे मतदान स्थिर, शस्त्रखरेदी दूर जाणारी आणि तेलखरेदी जवळ येणारी. यांतील कोणताही एक आकडा उचलला, तर हवा तो निष्कर्ष सिद्ध करता येतो.

याची किंमत भारताला मोजावी लागली. रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले. तेलाचा आकडा खोटा नव्हता. परंतु रशियन तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या चीनला त्याच कारणासाठी तोच दंड त्या वेळी लावला गेला नाही. कोणता आकडा पुढे करायचा आणि कोणाविरुद्ध वापरायचा, हा निर्णय राजकीयच असतो.

खुद्द अमेरिकेचे उदाहरणही बोलके आहे. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी युक्रेन व युरोपीय देशांनी मांडलेला ठराव ९३ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला, ६५ देश तटस्थ राहिले. तीन वर्षांपूर्वी रशियाविरुद्ध मत देणाऱ्या अमेरिकेने या वेळी रशियासोबत विरोधी मत दिले. भारत पुन्हा तटस्थच राहिला. ज्याच्या मतावरून इतरांची जवळीक मोजली जात होती, तो मानदंडच सरकला.

आकडेवारी काय घडले ते नेमके सांगते. का घडले, हे तिच्यातून आपोआप उमगत नाही. प्रत्येक मतदानानंतर देश देत असलेले स्पष्टीकरण, कराराच्या अटी आणि बाजारातील दर यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. भारतीय विद्यापीठांतील आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमांत सांख्यिकीला म्हणूनच मानाचे स्थान मिळायला हवे. अन्यथा आपल्या धोरणाचे मोजमाप इतरांच्या फूटपट्टीने होत राहील आणि त्या मापातील चूक दाखवण्याचे साधनही आपल्या हाती नसेल.