नकाशावरचे ठिपके कोणाच्या हाती?

सोलापुरातील एखादा टॉवेल-उत्पादक आपल्या मालाचे संकेतस्थळ सुरू करतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर जगाचा एक नकाशाही येतो. त्या नकाशावर ठिपके उमटत राहतात. एक जर्मनीत, एक दुबईत, दोन-चार मुंबईत. ठिपक्यावर बोट ठेवले की पाहुणा कोणत्या शहरातून आला, कोणत्या पानावर किती वेळ थांबला, हे उलगडते. मागणी कोठून येऊ शकेल याचा अंदाज ज्याला दलालाखेरीज बांधता येत नव्हता, त्याला तो आता घरबसल्या बांधता येतो. या सोयीत गैर काही आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. जो माल पाहायला आला, त्याला आपण स्वतः पाहिले जात आहोत हे ठाऊक असते काय?

बहुधा नसते. फोनमधील उपग्रहाधारित यंत्रणा वापरायची तर निदान परवानगी मागितली जाते. परंतु प्रत्येक जोडणीला जो आकडी पत्ता असतो, त्यावरून ठिकाण ताडताना कोणी कोणाला विचारत नाही. हे पत्ते कंपन्यांना गठ्ठ्यांनी वाटलेले असतात आणि कोणता गठ्ठा कोणत्या प्रदेशाचा, याची कोष्टके बाजारात विकत मिळतात. त्यांवरून देश बहुतेक वेळा बरोबर निघतो, शहर मात्र पुष्कळदा चुकते. सोलापुरात मोबाईल हाती घेऊन बसलेला माणूस नकाशावर पुण्यात किंवा मुंबईत दिसू शकतो.

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत अशी कोष्टके बनविणाऱ्या एका कंपनीने, ज्यांचे नेमके ठिकाण कळत नव्हते असे सुमारे ६० कोटी पत्ते देशाच्या मध्याजवळच्या एकाच बिंदूवर टाकले. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराच्या अंगणात पडला. वर्षानुवर्षे चोर, फसवणूक करणारे आणि बेपत्ता माणसे शोधत पोलीस व संतप्त लोक त्या निरपराध घराच्या दारात येत राहिले. २०१६ साली प्रकरण उजेडात आले, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावाच्या मध्यभागी ठेवला. चूक नकाशा करणाऱ्याची होती, शिक्षा मात्र नकाशावर सापडलेल्याने भोगली.

दुकानाचा पाहुणा निदान पान बंद करून निघून जाऊ शकतो. तोच नकाशा मालकाच्या टेबलावरून कामगाराकडे वळतो, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा, ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रे काढून हजेरी लावणे देशभर सक्तीचे झाले. बोगस हजेरी आणि मधल्यांची लूट थांबावी हा हेतू सांगण्यात आला, आणि तो हेतू वाईट नव्हता. तथापि जेथे फोनला रेंज नाही तेथे राबलेल्या मजुराचा दिवस बुडतो. ठेकेदाराची किंवा अधिकाऱ्याची कमाई मात्र अशा ठिपक्यावर अवलंबून नसते. नजर नेहमी वरून खालीच का जावी?

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. या शहराच्या एका भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची माणसे येथे वसाहतीत ठेवली गेली. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला ताबा हवा होता. दोन्ही गरजा एका कुंपणात भागल्या. बोटांचे ठसे, ठरल्या वेळची हजेरी, बाहेर पडायचे तर परवाना. माणूस या घटकेला कोठे आहे हे सरकारला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती देशभर कायद्याने विमुक्त झाल्या. संशयाची वही मात्र मिटली नाही. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि विमुक्तांवरची नजर त्याआडून चालू राहिली.

दुकानाच्या नकाशावरील ठिपका म्हणजे सेटलमेंटची हजेरी, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या हजेरीमागे दंडुका होता. परंतु एक गोष्ट दोहोंत समान आहे: ज्याची नोंद होते त्याला त्या नोंदीत बोलण्याचा अधिकार नाही. आणि व्यापारासाठी घडविलेले साधन पोलीस चौकीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना, गुगलच्या नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी व्यवस्था करण्याची अट घातली होती. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर सतत पाळत ठेवता येईल अशी अट त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असा तो निर्णय आहे. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, त्याचेच हे फळ होय.

आरोपीला जे संरक्षण मिळाले ते सफाई कामगाराला का नाही? २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येथे तोकडा पडतो. नोकरीविषयक कारणांसाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा तो मालकाला देतो. सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून वगळू शकते. शिवाय याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील खासगी माहितीविषयीचे कलम असे बदलले की नागरिकाच्या हाती असलेली नजर अधू झाली. सत्तेने नागरिकाला पाहावे, नागरिकाने सत्तेला पाहू नये, हा कोणता न्याय?

नकाशे फाडून टाका, अशी मागणी कोणी करीत नाही. मागणी साधी आहे. ठिकाण नोंदवायचे तर आधी सांगावे, कामापुरतेच नोंदवावे, काम झाले की पुसावे. ज्याचा ठिपका आहे त्याला तो पाहण्याचा व चूक दुरुस्त करून घेण्याचा अधिकार असावा. केवळ ठिपक्याच्या आधारे कोणाची मजुरी कापू नये. कामाची वेळ संपताच कामगारावरील नजरही संपावी, आणि ही यंत्रणा आणण्यापूर्वी त्याच्या संघटनेशी बोलणी करणे मालकावर व पालिकेवर बंधनकारक असावे. पिढ्यान्‌पिढ्यांची हजेरी ज्या शहराने पाहिली, त्या सोलापुरातील कामगार संघटनांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रांत प्रथम घ्यावा.