शेवटची लघवी कधी तपासली?

मावळातल्या शिरगावात बायकांच्या बैठकीत एका साठीच्या मावशींनी पिशवीतून कागद काढले. आठ वर्षांचा मधुमेह. साखरेचे रिपोर्ट एकाखाली एक टाचलेले. एका कागदावर रक्तातलं क्रिएटिनिन १.२. शेजारी छापलेली मर्यादा १.४, म्हणून "किडनी ठीक आहे" असं सांगून त्यांना घरी पाठवलेलं. आम्ही विचारलं, "मावशी, लघवी शेवटची कधी तपासली?" मावशी हसल्या. म्हणाल्या, "पोरं पोटात होती तेव्हा!"

मैत्रिणींनो, या उत्तरात सगळं आलं.

आधी त्या १.२ चं बघू. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. बाईचे स्नायू सरासरीने कमी, म्हणून तोच आकडा बाईच्या कागदावर वेगळं सांगतो. आज वापरात असलेल्या सूत्राने साठीच्या पुरुषाचं १.२ म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची गती सुमारे ७०. साठीच्या बाईची तीच गती सुमारे ५२. ही गती तीन महिने ६० च्या खाली राहिली तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार समजतात. म्हणजे कागद 'ठीक' म्हणतो आणि आजार आत मुक्काम करून बसलेला असू शकतो. म्हणून नुसतं क्रिएटिनिन ऐकून उठू नका. "माझा ईजीएफआर किती?" असं विचारा.

लघवी तर त्याच्याही आधी बोलू लागते. साखरेने मूत्रपिंडाची गाळणी खराब झाली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपतं. दुखत नाही, सूजही नसते. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं. ३० ते ३०० ही धोक्याची सूचना. टाइप दोनचा मधुमेह कळला त्या वर्षापासून दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. एकदा आकडा वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी यांनीही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तर मात्र खरं समजायचं. वेळेवर कळलं तर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवून, मूत्रपिंड जपणाऱ्या गोळ्या घेऊन हानी पुष्कळ लांबवता येते. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही तेव्हा थांबवता येतात.

मग हे होत का नाही? गरोदर बाईच्या लघवीतलं प्रथिन तपासायची पट्टी सरकारी आरोग्यसेवेत कधीपासून आहे. तीच बाई पन्नाशीत मधुमेही झाली की तिची लघवी कुणाला नको. तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत साखर आहे, रक्तदाब आहे, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. लघवीतलं अल्ब्युमिन त्या यादीत नाही. पोटात मूल आहे तोवरच बाईचं मूत्रपिंड मोलाचं का?

कुणी म्हणेल, पट्टीला सुरुवातीची थोडी गळती कळत नाही. खरं आहे. म्हणूनच अल्ब्युमिन-क्रिएटिनिनची नीट तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळावी, ही आपली मागणी हवी.

कारण उशीर झाला की बाईच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. १९९५ ते २०२१ या काळात देशात सुमारे साडेछत्तीस हजार अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यांत अवयव मिळालेल्या स्त्रिया सात हजारही नाहीत. आणि घरात मूत्रपिंड द्यायची वेळ आली की पुढे कोण होतं? आई नाहीतर बायको.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले, आईचे, सासूबाईंचे कागद आणावेत. दोनच गोष्टी शोधायच्या: ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन. ज्यांच्या कागदांवर ते नसेल त्यांची यादी करू, आणि ती यादी घेऊन सगळ्या मिळून आरोग्य केंद्रात जाऊ.