संसार ट्रॉलीत घाला, माणसं नाही

ट्रॅक्टरमालकांनो, मुकादमांनो आणि यंदा ऊसतोडीला, कोयत्यावर निघालेल्या बंधुभगिनींनो,

परवा संध्याकाळी आपल्याच वेशीवर एक ट्रॉली भरत होती. तळाला बाजरीची पोती, त्यावर पत्र्याच्या पेट्या, कोपीचे बांबू, ताडपत्र्या, गॅसची टाकी, दोन शेळ्या. आणि या सगळ्याच्या वर, फाळक्यापेक्षा हातभर उंच, लेकराबाळांसकट चार कुटुंबं. मागे दिवा नाही, रेडियम नाही, नंबर चिखलाखाली. आमच्या पोरांनी हटकलं तर मुकादम हसला. म्हणाला, "इतकी वर्षं नेतोय, आजवर काही झालं नाही." ट्रॉली गेली, तीही रात्रीची. आणखी पुष्कळ टोळ्या अजून निघायच्या आहेत, म्हणून हे घाईनं लिहितो आहोत.

काही झालं नाही? ४ एप्रिल २०२५ला नांदेड जिल्ह्यात आलेगावला शेतमजूर बायकांना कामावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी मेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या होत्या, हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. ऑक्टोबर २०२२मध्ये कानपूरजवळ घाटमपूरला देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, २६ जण गेले, बहुतेक बायका आणि मुलं. फेब्रुवारी २०२४मध्ये कासगंजला गंगास्नानाला निघालेली ट्रॉली अशीच तळ्यात पडली, वीसहून जास्त बळी. तिन्ही ठिकाणी वाहन एकच, आणि माणसं बसायची जागाही एकच. २०२२ साली महाराष्ट्रात रस्त्यावर १५,२२४ माणसं मेली. त्यातली ट्रॉलीतली किती, हे वेगळं काढून सांगायची तसदी आपल्या वाट्याच्या मढ्यांसाठी कोण घेतो?

आपला प्रवास तर शेजारच्या शिवारातला नाही. धारूर, केज, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज, तिथून पुढे कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकात. साडेतीनशे किलोमीटरच्या वर. भरलेला ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसनं चालतो. म्हणजे पंधरा-सोळा तास माणसं उघड्यावर, पेटीच्या कडेवर, दोराला धरून. पाटोद्याकडचे लोक सौताड्याचा घाट उतरतात, माजलगावकडचे धारूरचा जाताना चढतात, परतताना उतरतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचं सगळं ओझं त्याला पुढे रेटतं. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे बहाद्दर आपल्यातच आहेत. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, शेतात वळायला सोयीची म्हणून. रस्त्यावर ती पट्टीनं जोडायची असतात. जोडली नाहीत तर एकाच चाकाला ब्रेक लागतो, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. हे ड्रायव्हर पोराला कोणी सांगितलं आहे? त्याच्या कानाशी तर चार भोंग्यांची गाणी चालू असतात. मागून बाई ओरडली तरी त्याला ऐकू जात नाही.

आता कायदा. ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरची शेपटी असं आपण धरून चाललो आहोत. मोटार वाहन कायदा तसं धरत नाही. १९८८च्या या कायद्यात कलम ६१ आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, तिचा नंबर वेगळा, तो तिच्या बाजूवर दिसला पाहिजे. शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर पाहिजे. वेल्डरकडून करून आणलेली, आरटीओचं तोंड न पाहिलेली ट्रॉली रस्त्यावर आणणं हाच गुन्हा. वजन जास्त निघालं तर २० हजार रुपये दंड, वर दर जादा टनाला २ हजार. माल बाजूला किंवा मागे बाहेर आला तरी २० हजार. आणि परवान्यापेक्षा जादा माणूस बसवला तर दंड किती? माणशी दोनशे. जादा टनाला दोन हजार आणि जादा जिवाला दोनशे, असा हिशेब दिल्लीनं २०१९मध्ये करून ठेवला आहे. तो बदला म्हणून आम्ही निवेदनं देत राहू. पण मुकादमानं त्या दोनशेकडे बोट दाखवून "परवडतं" म्हणावं, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलं आहे. लाज वाटली पाहिजे.

परवडत नाही, मालक. विम्याचं ऐका. मजूर ट्रॉलीवर बसला होता, ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामाचा होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता. असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००७मध्ये निकाल लागला की विमा कंपनी जबाबदार नाही. न्यायालयानं आपला खास अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करायची मुभाही दिली. म्हणजे एक अपघात आणि तुमचा ट्रॅक्टर, तुमचं रान, तुमच्या पोरीच्या लग्नाला ठेवलेलं सगळं जप्तीला. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा आपोआप निघत नाही. भाड्यानं दुसऱ्याचा संसार वाहणं हे शेतीकाम ठरत नाही. एजंट चहा पिताना "हो, चालतं" म्हणतो. त्याला म्हणावं, लिहून दे.

काही जण विचारतात, माणसं मग जायची कशी? एसटीनं! साध्या गाडीत बायकांना १७ मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं, पाचाच्या आतल्यांना काहीच नाही. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना फुकट. अख्खी टोळी असेल तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर गाडी घ्या. कर्नाटकात जाणाऱ्यांना तिकिटातली सवलत हद्दीपर्यंतच मिळेल, पुढचं पूर्ण तिकीट काढा. पैसे कोणी द्यायचे? ज्यानं उचल दिली आणि ज्याच्या कारखान्याला ऊस पाहिजे, त्यांनी. उचलीच्या कागदावर प्रवासखर्चाची ओळ घाला, आणि तो अंगावर फिरणार नाही हेही लिहून घ्या, नाहीतर पट्टा पडताना हिशेबात वजा होऊन यायचा. "सामानाकडे कोण बघणार" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, भांडी पडली तर नवी येतात. "पोलीस अडवत नाहीत" हे तर उत्तरच नव्हे. पोलिसांच्या भीतीनं लेकरू खाली उतरवायचं का?

दर हंगामात साखर आयुक्तालयाकडून, आरटीओकडून सूचना निघतात. कारखान्याच्या गव्हाणीशी रिफ्लेक्टर वाटतानाचे फोटो येतात. पण आपली माणसं गव्हाणीपर्यंत पोहोचायच्या आधी साडेतीनशे किलोमीटर असतात, तिथे फोटो काढायला कोणी येत नाही. गेल्या हंगामात वर्गणी काढून, रात्री फाट्यावर उभं राहून ट्रॉल्यांना लाल रेडियम चिकटवणारी आपल्याच गावातली पोरं होती. कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो न लावता केलेलं काम आहे ते, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. यंदा त्यांनी ठरवलं आहे की माणसं भरलेल्या ट्रॉलीला रेडियम लावायचंच नाही. आधी माणसं उतरवा, मग पट्टी मिळेल. कोणाला राग आला तर येऊ दे.

निघण्याआधी काय करायचं, ते पटकन वाचा. संसारासाठी एकच ट्रॉली, डबल नाही. जड पोती तळाला, आसाच्या थोडी पुढे. सगळं वजन मागे गेलं तर एका आसाची ट्रॉली हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं पडतं. बांबू मागे लोंबू देऊ नका, आडवे तर मुळीच नाही. सामान फाळक्याच्या खाली, वर ताडपत्री, दोर दोन्हीकडून. हुकाची पिन झिजली असेल तर बदला, तिला कॉटर पिन घाला, वर साखळी वेगळी. तारेनं बांधलेली पिन हा जुगाड घाटात चालत नाही. मागचे दोन्ही लाल दिवे आणि इंडिकेटर चालू. वायर दर थांब्यावर बघा, ती उंदरानं नाही तर शेळीनं कुरतडलेली असतेच. मागे लाल, पुढे पांढरं रेडियम. ब्रेकची पट्टी जोडलेली. सूर्य मावळला की गाडी ढाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात, पहाटे उजाडल्यावर पुढे. पंक्चर झाली तर रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, मागे त्रिकोण ठेवा, आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचला. आपण सोडलेल्या दगडांवर मोटारसायकलवाले मेले तर ते पापही आपल्याच माथी. टेप बंद. शेळ्यांना ट्रॉलीत मोकळं सोडू नका. गॅसची टाकी उभी, बांधलेली, नळी काढलेली. एवढं करून ट्रॅक्टरवर फक्त ड्रायव्हर, मडगार्डवर कोणी नाही, मुकादमाचा मेव्हणा असला तरी नाही.

मायबहिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. चढायला सांगितलं तर चढू नका. उचल घेतली म्हणजे जीव गहाण ठेवला नाही. एकटीनं नकार दिला तर शिव्या खाव्या लागतील हे आम्हाला माहीत आहे, म्हणून टोळीतल्या सगळ्या जणी मिळून खाली उभ्या राहा. आम्हाला निरोप धाडा, कितीही रात्र असली तरी येऊ. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकाकडून मिळणारं ओळखपत्र ज्यांनी घेतलं नसेल त्यांनी निघायच्या आधी घ्या. दुसऱ्या जिल्ह्यात काही घडलं तर आपण ऊसतोड कामगार आहोत हे दाखवायला तेवढाच कागद असतो.

येत्या रविवारी सकाळी आठपासून बाजारतळावर वायरमन आणि वेल्डर बसवले आहेत. मजुरी लागणार नाही, सामानाचे पैसे तुमचे. मालकांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हीची नोंदणी, दोन्हीचा विमा आणि ड्रायव्हरचं लायसन घेऊन यावं. मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर असेल तरी चालेल. ट्रॉलीचे कागद नसतील त्यांनी ट्रॉली घरीच ठेवावी आणि आमच्याबरोबर सोमवारी आरटीओत यावं, अर्ज भरायला माणूस देऊ.