कात्री कुठे चालवावी?

मंडळी, चिकूची छाटणी करावी, फार तर पंपाचा वॉशर बदलावा, एवढेच आमचे कसब. पन्नाशी उलटल्यावर हा गडी संगणकावर चित्रफिती कापत-जोडत बसेल असे कुणी म्हटले असते, तर मीच हसलो असतो.

निमित्त झाले वाढवण बंदराचे. 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली. 30 ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. योजनेत समुद्रात 1,448 हेक्टर भराव आहे. त्यावरून किनाऱ्यावर वाद पेटलेला. मी मनाशी म्हटले, वाद होत राहील. ओहोटीचे खडक, चिकूची तोडणी, जाळी सांधणारे हात हे नातवंडांसाठी टिपून तरी ठेवावे. मोबाइलवर दोनेक तासांचे चित्रण जमले. पण दोन तास बघणार कोण?

पुतण्याने केडेनलाइव्ह नावाचे सॉफ्टवेअर घालून दिले. त्याला पैसे पडत नाहीत. पडद्याच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, शेतातल्या सऱ्यांसारख्या. एका सरीत चित्राचे तुकडे ओळीने लावायचे, दुसरीत आवाज. नको तिथे कापायचे. मूळ चित्रणाला धक्का लागत नाही. कुठून कुठपर्यंत दाखवायचे, एवढेच सॉफ्टवेअर ध्यानात ठेवते. हे नीट न उमगल्याने मी जागा वाचवायला मूळ फायली पुसल्या, आणि सगळ्या सऱ्या कोरड्या पडल्या! मोबाइलमध्ये प्रत होती म्हणून निभावले. बियाणे उगवेपर्यंत पिशवी फेकू नये म्हणतात, तसेच हे.

मग प्लग-इनचा नाद लागला. ट्रॅक्टरला मागे नांगर जोडा, रोटाव्हेटर जोडा. तसे हे सॉफ्टवेअरला जोडायचे अवजार. कुणी धुके पाडते, कुणी वीज चमकवते, कुणी रंग बदलते. ट्रॅक्टरला अवजार बसले पाहिजे, तसा प्लग-इनही त्या सॉफ्टवेअरला आणि त्याच्या आवृत्तीला जुळावा लागतो. फुकटचा म्हणून एक उतरवला, तर चित्रावर त्याचे नाव आडवे उमटले. पैसे भरल्याशिवाय जाईना. आणि चार अवजारे एकदम जोडल्यावर जुना संगणक चिखलात रुतलेल्या बैलासारखा बसला.

पण खरी चूक पुढेच झाली. शेजारचे एक वृद्ध मच्छीमार चित्रणात म्हणाले होते, “पोरांना काम मिळणार असेल तर बंदराला माझं नाही म्हणणं नाही. पण आमची मासेमारी जाणार असेल, तर आधी ते बोला.” मी लांबण नको म्हणून पहिले वाक्य उडवले. वर काळे ढग, वीज, गडगडाट. ओसरीवर सगळ्यांना दाखवले. पोरे टाळ्या पिटू लागली. बाबा मात्र शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाले, “तोंड माझं आहे, बोलणं तुझं आहे. आणि त्या दिवशी तर ऊन होतं.”

माझी मान खाली गेली. बंदराचा एखादा कैवारी दुसरे वाक्य उडवता, तर हेच बाबा उलट बाजूचे झाले असते. कात्री तीच!

आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही सुरुवातीला करामतच केली होती. 1912 साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण करून ते जोडले. कित्येक दिवसांची वाढ लोकांनी काही क्षणांत पाहिली. ती पाहून भांडवल देणारा मिळाला, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. घरच्या सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सारे शिकल्या होत्या. फाळक्यांनी मधला वेळ गाळला, पण रोप खरेच वाढले होते. मी गाळले ते एका माणसाचे अर्धे मन.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाक्ये जागेवर ठेवली; खोकला तेवढा काढला. ढग गेले, ऊन परतले. वाऱ्याची घरघर कमी करायला एकच अवजार ठेवले, आणि ते खरे उपयोगी पडले. अकरा मिनिटांची फीत झाली.

आपल्या घरची मुले आता लग्नाच्या, सभेच्या, भांडणाच्याही फिती कापतात-जोडतात. त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. मूळ चित्रण पुसायचे नाही. आणि ज्याचे बोलणे कापले, त्याला दाखवल्याशिवाय फीत गावभर धाडायची नाही.

बाबांनी नवी फीत दोनदा पाहिली. म्हणाले, “आता मुंबईच्या लेकीला धाड.”