गळ्यात रौद्र, तारांत करुण

मेलोडिक डेथ मेटल हे संगीतच नव्हे, असे आपल्याकडे जाणती माणसेही ठामपणे सांगतात. हैदराबादच्या कोठी भागातल्या मराठी घरांत, मैफिलीनंतरच्या चहाच्या गप्पांत हे मी कितीदा तरी ऐकले आहे. बोलणारे बेसुरे नसतात. रागाच्या चलनावर ते तासभर बोलू शकतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे कानाआड करता येत नाही. ते म्हणतात: हा आरडाओरडा आहे, यात सूर नाही, यातून पोरांच्या डोक्यात हिंसा भरते, आणि हे आपले नव्हे.

आरडाओरड्यापासूनच सुरुवात करू. गायक सूर लावत नाही, हे खरे आहे. त्याने तो लावावा अशी अपेक्षाच इथे नसते. आपल्या स्वरतंतूंच्या थोडे वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. रोजच्या बोलण्यात ती गप्प राहते. ‘ग्राउल’ करताना ती थरथरते आणि घशातून तो खोल, खरखरीत नाद निघतो. तिबेटी मठांतल्या मंत्रपठणाचा खर्जही याच घड्यांच्या साहाय्याने निघतो. श्वासाचा दाब पोटातून सांभाळत हे वर्षानुवर्षे शिकावे लागते. नुसते ओरडणाऱ्याचा घसा दोन गाण्यांत बसतो.

मग सूर कुठे आहे? तो दोन गिटारींत आहे. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग या बंदराच्या शहरात हा प्रकार घडला. तिथल्या बँडपैकी ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’ हे दोन्ही अल्बम १९९५चे, तर इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ १९९६चा. यांतल्या कितीतरी गाण्यांत हे ऐकू येते. एक गिटार धून धरते, दुसरी तिच्यापासून तिसऱ्या स्वरावर तीच धून घेऊन सोबत चालते. स्वर बहुधा कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद असे, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे. मध्येच कोमल रिषभ आला की भैरवी थाटाचे. हा राग नव्हे, कारण रागाचे चलन इथे नाही. पण ज्याने आयुष्यभर हे स्वर ऐकले त्याला ते परके वाटण्याचे कारण नाही. संतूरवादक एकाच तारेवर भराभर आघात करून स्वर लांबवतो, तसेच इथे गिटारवादक पिकने, म्हणजे तारा छेडायच्या पत्तीने करतो. खाली दोन्ही पायांनी वाजणारे बास ड्रम धावत असतात आणि वर धून मात्र संथ, लांब पल्ल्याची असते. ही दोन गतींची ओढ हाच या संगीताचा प्राण आहे. आक्षेपक गळ्यात गाणे शोधतात, आणि ते तिथे सापडत नाही म्हणून निकाल देऊन मोकळे होतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. त्यांत रौद्रही आहे, भयानकही आणि बीभत्सही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रौद्रातून करुण उपजतो, असे भरत स्पष्ट सांगतो. मेलोडिक डेथ मेटलचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही. फिनलंडच्या इन्सोम्नियमचा ‘विंटर्स गेट’ (२०१६) ऐका. चाळीस मिनिटांचे एकच गाणे, बँडचा गायक निलो सेवानेन याने लिहिलेल्या कथेवरचे. हिवाळा तोंडावर असताना एका दंतकथेतल्या बेटाच्या शोधात निघालेले दर्यावर्दी, एवढेच कथाबीज. वादळ येते, ओसरते, मधे सगळे शांत होऊन साधी गिटार उरते, आणि तोच गुरगुरणारा गळा परत येतो. पण आता तो संतापलेला वाटत नाही, हरलेला वाटतो. नाद तोच असतो. भोवतीच्या स्वरांनी त्याचा अर्थ बदललेला असतो.

आणि मोठ्या आवाजातला शोक हैदराबादला नवा थोडाच आहे? मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्याहून निघालेली ‘बीबी का अलम’ या निशाणाची मिरवणूक चादरघाटाला, म्हणजे कोठीच्या अगदी शेजारी संपते. नोह्यांची शोकगीते, मातम, छातीवर तालात पडणारे हात. श्रद्धेची आणि करमणुकीची बरोबरी मी करत नाही. पण दुःख दबक्या आवाजातच मांडावे, हा नियम या शहराने कधी मानलेला नाही.

हिंसेचा आक्षेप गंभीर आहे. डेथ मेटलच्या काही शाखांतली गाणी खरोखर किळसवाणी आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. नॉर्वेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चर्च जाळली गेली, तेही खरे; ती जाळणारी माणसे ब्लॅक मेटल या वेगळ्या प्रकाराच्या वर्तुळातली होती. पण श्रोत्यांचे काय होते? क्वीन्सलंड विद्यापीठातल्या लीआ शर्मन आणि जेनेव्हीव्ह डिंगल यांनी २०१५मध्ये ३९ श्रोत्यांना आधी मुद्दाम राग आणवला, मग काहींना त्यांचे आवडते मेटल ऐकवले, काहींना शांत बसवले. मेटल ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही. शांत बसलेल्यांसारखाच तो उतरला, आणि शिवाय त्यांना उभारी वाटली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘पोरे बिघडतात’ म्हणणाऱ्यांनी याच्या तोडीचा पुरावा समोर ठेवावा.

राहिले परकेपण. हार्मोनियमही परदेशातूनच आली आणि आपल्या नाट्यपदांची सोबतीण झाली. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, विषय विष्णूच्या अवतारांचा. हैदराबादचा स्वतःचा डेथ मेटल बँड आहे, गॉडलेस. तो मेलोडिकपेक्षा अधिक कडवा आहे.

माझे आक्षेपकांना एवढेच सांगणे आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका. त्यात खर्ज गळून जातो आणि खरोखरच गोंगाट उरतो. गुजराती गल्ली हाकेच्या अंतरावर आहे, चांगले स्पीकर तिथे मिळतात. इसामिया बाजारातल्या आपल्या मराठी संस्थांनी एक संध्याकाळ यासाठी द्यावी, ‘विंटर्स गेट’ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावा, आणि ऐकताना गायकाला बाजूला ठेवून दोन गिटारींचा माग घ्यावा. वाद त्यानंतर घालू.